कूलरसमोरचा लॅपटॉप

मे महिना, भुसावळ, दुपारचे दोन. सुट्टीला आलेल्या भाच्याने एकाच मॉडेलचे दोन लॅपटॉप काढले. दोन्हींवर स्टॉकफिश हा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम, आणि दोघांची एकमेकांशी लढत. एक लॅपटॉप कूलरसमोर, दुसरा दिवाणावरच्या गादीवर. सेकंदाला पटावरच्या किती स्थिती तपासल्या, हा आकडा स्क्रीनवर दिसतो. पंधरा मिनिटांत गादीवरच्याचा आकडा जवळजवळ निम्म्यावर आला. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. घड्याळ मात्र दोघांना सारखंच. ‘मामा, हा तर रडीचा डाव!’

संगणकांच्या बुद्धिबळाच्या जागतिक स्पर्धांतही नेमका हाच वाद झाला. १९९७ मध्ये जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवणाऱ्या डीप ब्लू या आयबीएमच्या संगणकामध्ये खास बुद्धिबळासाठी घडवलेल्या ४८० चिप होत्या. सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती. मग जिंकलं कोण, प्रोग्रॅम की यंत्र? २००८ ला बीजिंगमध्ये एक प्रोग्रॅम ४० कोरांवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या एकाच वेळी गणित करणाऱ्या ४० भागांवर उतरला. पुढच्या वर्षी स्पेनमधल्या पँप्लोनाच्या जगज्जेतेपदासाठी आठ कोरांची मर्यादा आली, ती लगेच उठलीही. नंतर सर्वांना एकसारखं यंत्र देणारी वेगळी सॉफ्टवेअर स्पर्धाही भरू लागली. मला ही विभागणी पटते, कारण पैशाचं बळ आणि विचाराचं बळ एकाच तराजूत घालू नये.

पण एकसारखं म्हणजे तरी काय? डिसेंबर २०१७ मध्ये डीपमाइंड कंपनीच्या अल्फाझीरो या प्रोग्रॅमने स्टॉकफिशविरुद्ध १०० पैकी २८ डाव जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले. अल्फाझीरो चार टीपीयूंवर, म्हणजे न्यूरल नेटवर्कसाठी (मेंदूच्या धर्तीवर शिकणाऱ्या प्रोग्रॅमसाठी) बनवलेल्या चिपांवर चालत होता. स्टॉकफिश साध्या प्रोसेसरच्या ६४ थ्रेडवर, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या ६४ धाग्यांवर. अल्फाझीरो सेकंदाला ८० हजार स्थिती बघायचा, स्टॉकफिश ७ कोटी! स्थिती मोजल्या तर स्टॉकफिशला झुकतं माप. पण अल्फाझीरो एकेका स्थितीवर कितीतरी जास्त गणित करत होता. त्यात स्टॉकफिशला हॅश मेमरी, म्हणजे आधी तपासलेलं टिपून ठेवायची वही, फक्त १ जीबीची दिली होती. ६४ थ्रेडना ती तोकडीच. वही भरली की जुनं पुसून त्यावर नवं लिहायचं, आणि पुसलेलं लागलं की पुन्हा शोधायचं. अल्फाझीरोचा खेळ अप्रतिम होता, यात शंका नाही. तरी या वहीमुळे तो निकाल मला निखळ वाटत नाही.

प्रोग्रॅमची चाचणी घेणारे डावाची एकच सुरुवात दोनदा खेळवतात, दुसऱ्यांदा पांढरे-काळे बदलून. भाच्याने त्यावरून नियम केला: रंग बदलून झाले की लॅपटॉपांच्या जागा बदलायच्या आणि तेच दोन डाव पुन्हा. संध्याकाळपर्यंत आम्ही तसेच खेळवत बसलो. आकडा मात्र प्रत्येक वेळी गादीवरच्याचाच घसरत होता.