फड नेमका कशाचा?

उन्हाळा तोंडावर आला की जुन्नर तालुक्यातून दोन बातम्या हमखास येतात. ऊसतोड चालू असताना फडात बिबट्याची पिल्लं सापडली, ही एक. आणि नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागल्या, गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी ठरवायला आले, ही दुसरी. तालुका तोच, मोसम जवळपास तोच, शब्दही तोच. तरी बिबट्याची बातमी वाचून कोणी ढोलकीवाल्याची काळजी करत नाही. कुस्तीचा फड, गप्पांचा फड, वारकऱ्यांचा फड हेही असेच, न अडखळता वाचले जातात. ऊस, तमाशा, कुस्ती आणि कीर्तन यांना एकच शब्द कसा पुरला, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा १८३१ साली निघाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. त्यात ‘फड’ उघडला तर तमाशा आणि ऊस खाली सापडतात. पहिला मान आहे तो सार्वजनिक कामकाजाच्या जागेला: न्यायकचेरी, पेढी, जकातीचं ठाणं, लिलावाची जागा. त्याच ओघात जुगाराचा आणि नाचगाण्याचा अड्डाही येतो. (हिंदीतला ‘फड़’ही जुगाराच्या अड्ड्याला आणि दुकान मांडायच्या जागेला म्हणतात.) पुढचा अर्थ शेतमालाचा. पीक शेतातून आणून जिथे टाकायचं, सरकारी माणसाने ते बघून सारा ठरवायचा, ती जागा म्हणजे फड. ऊस-वांगी-मिरचीचा मळा त्यानंतर, आणि नाचणाऱ्या-खेळ करणाऱ्यांची टोळी त्याच्याही खाली.

कचेरी हा अर्थ काही कोशकाराच्या कल्पनेतला नव्हे. पुण्यात पेशव्यांचं हुजूर दफ्तर, म्हणजे राज्यकारभाराची मुख्य कचेरी होती, त्यातल्या चालत्या (चालू कामाच्या) दफ्तराच्या एका शाखेचं नावच फड. बेहेडा (जमाखर्चाचे अंदाज) आणि सरंजाम (लष्करी जहागिरी) या तिच्या जोडीच्या शाखा. सनदा, हुकूम, हिशेब यांची उठाठेव इथे चाले आणि त्यावर देखरेख फडणिसाची. इथे एक गंमत आहे. फड सांभाळतो तो फडणीस, असं आपण सहज धरून चालतो. पण शब्द आला तो फारसी ‘फर्दनवीस’वरून. फर्द म्हणजे हिशेबाचा कागद, यादी. नवीस म्हणजे लिहिणारा. बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना फडणवीस (१७४२–१८००) यांच्या नावातला फड म्हणजे मुळात एक कागद. योगायोग असा की हा कागदवाला बसायचा खऱ्याखुऱ्या फडावर, मग लोकांनी दोन्ही एकात एक मिसळून टाकले तर त्यांचा काय दोष! फड्या निवडुंगाशी मात्र यातल्या कशाचंच नातं नाही. तो फडा काढलेल्या नागासारखा दिसतो, म्हणून फड्या.

पेशवाई गेली, कचेऱ्या राहिल्या, पण त्यांना फड म्हणणं बंद झालं. जमाबंदीच्या फडावर धान्य टाकायची वेळही कोणावर येत नाही. तो जुना अर्थ जवळजवळ तसाच बघायचा असेल तर मे महिन्यात गडचिरोली-गोंदियाकडे जावं. तेंदूपत्त्याच्या संकलनाची जागा म्हणजे फड. बोलताना कुठे फडी होते, कुठे फळी. पहाटे जंगलात जाऊन पानं तोडायची, घरी आणून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि ऊन कलायच्या सुमाराला टोपली घेऊन फडावर. तिथे मोकळ्या जमिनीवर पुड्यांच्या रांगा लागतात. मुन्शी, म्हणजे फडावरचा कारकून, रांगेच्या कडेने चालत मोजत जातो, मधूनच एखादा पुडा उचलून उलटसुलट करून पाहतो, फाटकी पानं निघाली तर बाजूला टाकतो. पुडे मांडणारी बाई तोवर उभी असते आणि मनातल्या मनात तीही मोजत असते. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. मुन्शी आता पूर्वीसारखा ठेकेदाराचाच असेल असं नाही, कारण गडचिरोलीतल्या कित्येक ग्रामसभा स्वतःच पत्त्याचा लिलाव करतात. पण माल उघड्यावर मांडायचा आणि चार लोकांदेखत मोजायचा, हे बदललेलं नाही. माझ्या मते या शब्दाचं सार इथेच आहे. झाकून केलेल्या कामाला कोणी फड म्हणत नाही.

मळ्याच्या अर्थाने फड म्हटलं की आज ऊसच आठवतो. पाचट, मोळ्या, वाढं, मुकादम, आणि नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणणारी ती भाषा. पण शेतीतल्या फडाची खरी कारागिरी खानदेशात आणि नाशिकच्या उत्तरेला, पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांवर झाली. तिथल्या सिंचनाचं नावच फड पद्धत, आणि ती तीनशे वर्षांहून जुनी मानतात. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखालचं थळ, म्हणजे भिजणारी सगळी जमीन. थळाचे तीन-चार मोठे तुकडे पाडायचे, त्यातला प्रत्येक तुकडा म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं: यंदा या फडात ऊस, त्या फडात हंगामी पीक, एखादा पडीक, पुढच्या वर्षी फिरवायचं. खुबी अशी की शेतकऱ्याची जमीन एकाच ठिकाणी नसून साधारण प्रत्येक फडात थोडी थोडी असायची. पाणी कमी पडलं आणि एक फड कोरडा ठेवायची वेळ आली तर झळ सगळ्यांना सारखी. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांची मजुरी बहुधा धान्यात. पाण्यावरून डोकी फुटू नयेत याची एवढी साधी व्यवस्था कागदावर आखून जमली असती असं वाटत नाही. पुढे नद्यांवर वरच्या अंगाला धरणं झाली, ज्याच्या-त्याच्या विहिरीवर मोटार आली. बरेच बंधारे अजून उभे आहेत, पण एकत्र राहायची गरज पातळ झाली.

कुस्तीचं फार सांगायला नको. यात्रेतला फड म्हणजे मैदान, त्यात पंच, त्याभोवती गाव, आणि निकाल सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. वारकऱ्यांचा फड मात्र जागा नाही, परंपरा आहे. देहूकर, वासकर, आजरेकर असे फड. प्रत्येकाचा एक फडकरी, त्याच्या मागे दिंड्या, ठरलेल्या तिथीला ठरलेलं कीर्तन आणि भजनाची आपापली चाल. इथे शब्द माणसांना चिकटला आणि जागा सुटली.

तमाशातही तेच झालं. संगीत बारी, म्हणजे नुसत्या लावणीचा तमाशा, थिएटरात बसते; ढोलकीफडाचा तमाशा स्वतःचा तंबू, ट्रक, जनरेटर आणि दीडशेक पोटं घेऊन गाव बदलत राहतो. तरी वर्षातून एकदा, गुढीपाडव्याच्या आगेमागे, हे फिरते फड नारायणगावात एका ओळीत येऊन बसतात. प्रत्येकाच्या राहुटीत फडमालकाचा फोटो, एक टेबल, भिंतीला कॅलेंडर. गावकरी येतात, यात्रेची तिथी सांगतात, आकडा ऐकतात, उठून शेजारच्या राहुटीत जातात, चहा पिऊन परत येतात. व्यवहार जमला की इसारा घेऊन मॅनेजर वहीत तारीख लिहितो आणि कॅलेंडरवर त्या चौकोनाभोवती गोल करतो.