टेरेस घरे, मेलबर्नमधील

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराच्या फिट्झरॉय, कार्लटन, ईस्ट मेलबर्न इत्यादी जुन्या भागांत सामाईक भिंतींनी जोडलेली, एक ते तीन मजली घरांची सलग ओळ. व्हिक्टोरिया वसाहतीत १८५१ मध्ये सोने सापडल्यानंतर शहर झपाट्याने वाढले, तेव्हापासून १८९० च्या दशकारंभीच्या आर्थिक अरिष्टापर्यंत अशी घरे मोठ्या संख्येने बांधली गेली.

फिट्झरॉयमधील रॉयल टेरेस ही १८५० च्या दशकातील ओळ स्थानिक निळसर काळ्या दगडाची आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणाप्रमाणे हाही बेसॉल्टच. पुढे भिंतींसाठी वीट व चुन्याचा गिलावा रूढ झाला आणि हा दगड मुख्यतः जोत्यापुरता उरला. जोसेफ रीड या वास्तुकाराने १८६० च्या दशकात रंगीत विटांचे नक्षीकाम शहरात रुजविले. आग पसरू नये यासाठी १८४९ च्या इमारत कायद्याने घातलेल्या बंधनांमुळे सामाईक भिंती छपराच्या वर काढल्या जात. त्यांची रस्त्याकडील टोके कुंभ व मुखवटे यांनी सजविलेली दिसतात.

दर्शनी ओसरी व सज्जा यांच्या उगमाविषयी मतभेद आहेत. हिंदुस्थानात नोकरी केलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ओसरी ऑस्ट्रेलियात नेली, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार तिचे मूळ एकोणिसाव्या शतकारंभीच्या इंग्लंडमधील लोखंडी सज्जांत व नमुनापुस्तकांत शोधावे लागते. मोकळ्या जागेतील बैठ्या घरांना पहिले मत लागू पडत असले, तरी रस्त्यालगतच्या अरुंद, दुमजली ओसरीच्या बाबतीत दुसरे अधिक ग्राह्य वाटते.

या ओसरीचे कठडे, झालर व खांबांवरील कंस जाळीदार ओतीव लोखंडाचे असतात. हे लोखंड जहाजांचा तोल राखण्यासाठी भरून आणले जाई, ही समजूत लोकप्रिय आहे. परंतु ब्रिटनमधून आलेल्या मालाबरोबरच स्थानिक ओतशाळांतही जाळी तयार होत होती आणि १८८० च्या दशकापर्यंत स्थानिक मालच प्रचारात आला होता, हे त्यातून स्पष्ट होत नाही. सुमारे १८७० पासून व्हिक्टोरियात नमुन्यांची सरकारी नोंदणी होऊ लागली. त्यामुळे नोंदलेल्या नमुन्याची जाळी त्या तारखेनंतरची, एवढे बहुधा म्हणता येते. घर मात्र तिच्याहून जुने असू शकते, कारण पूर्वीच्या सपाट दर्शनी भागाला ओसरी मागाहून जोडली जाई. छपरापुढील दर्शनी कठड्यावर गिलाव्यात उठविलेले नाव व साल यांवरूनही कालनिर्णय करतात. तोही याच सावधगिरीने करणे इष्ट.

अंतर्भागात एका बाजूने बोळ, त्यालगत खोल्या व मागे अरुंद भागात स्वयंपाकघर अशी रचना असते. परसामागील गल्लीतून मैला नेला जाई. १८९७ पासून भुयारी गटारांची जोडणी सुरू झाली.

विसाव्या शतकाच्या मध्यास अनेक ओसऱ्या काढून टाकण्यात आल्या व काही ओळी झोपडपट्टी निर्मूलनात पाडल्या गेल्या. चार्ल्स वेब याने रचलेली ईस्ट मेलबर्नमधील तिमजली टॅस्मा टेरेस वाचविण्यासाठी झालेला प्रयत्न व्हिक्टोरियाच्या १९७४ च्या ऐतिहासिक इमारत कायद्यास साहाय्यभूत ठरला. पुढे तेथेच नॅशनल ट्रस्ट या वारसा-जतन संस्थेचे कार्यालय आले.