अकरा तासांचा दिवस, साडेचार तासांचं ऊन

काटोलकडे काकांचा संत्र्याचा बगिचा आहे. तिथे लाइन नाही, म्हणून खोलीच्या टिनांवर त्यांनी डिसेंबरात 150 वॅटचं पॅनल टाकलं. हिशेब तोंडीच: "अकरा तास ऊन राह्यते, अजून काय पाह्यजे तुले?" चौथ्या रात्री बॅटरी बसली. ऐन तोडणीच्या दिवसांत पहाटे तीनला कॅमेरे बंद.

काकांचे अकरा तास खोटे नाहीत. 21 डिसेंबरच्या सुमारास नागपुरात दिवस जवळपास तेवढाच असतो. पण तो उजेड झाला. पॅनलमागे छापलेले वॅट मोजतात ते दर चौरस मीटरवर 1000 वॅट पडतील अशा कडक उन्हात, आणि तसं ऊन थंडीत सकाळी आठला कुठून येणार? म्हणून दिवसभराचं कमीजास्त ऊन गोळा करून ते अशा कडक उन्हाच्या किती तासांइतकं भरतं ते पाहायचं. सोलरवाले याला ‘पीक सन अवर्स’ म्हणतात. डिसेंबरात आपल्याकडे सपाट पॅनलला ते साधारण साडेचार मिळतात.

आता काकांचा खर्च. दोन कॅमेरे आणि राउटर मिळून 25 वॅट, पण चोवीस तास: 600 वॅट-तास. छोटा टीव्ही 200, तीन बल्ब 160. म्हणजे रोज जवळपास एक युनिट, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त त्या किरकोळ दिसणाऱ्या कॅमेऱ्यांचं! वायर, बॅटरी, इन्व्हर्टर यांत जाणारं धरून 1400 वॅट-तास पकडा. अकराने भागलं तर 127 वॅट येतात, साडेचारने भागलं तर 311.

पॅनल दक्षिणेकडे तोंड करून 35 अंशांच्या आसपास उभं केलं, तर थंडीत तेच साडेचार तास पाचाच्या वर जातात. कारण त्या दिवसांत भर दुपारीही सूर्य 45 अंशांवरच असतो.

थंडीचं गणित जमलं म्हणून सुटलात असं मात्र नाही. इथल्या थंडीत आभाळ बहुतेक मोकळं असतं. खरी परीक्षा जुलै-ऑगस्टच्या झडीत, त्यात पंखाही चालू. त्यासाठी बॅटरी दोन-तीन दिवस पुरेल एवढी हवी.

आणि सावली. डिसेंबरात सकाळी नऊला झाडाची सावली त्याच्या उंचीच्या दुप्पट पडते. खोलीजवळचा आंबा तोडायला काका तयार नव्हते. नवं पॅनल गोठ्यावर गेलं.