‘मेट्रोपोलिस’ जवळजवळ अख्खा घरी यायला ८३ वर्षं लागली

ब्ल्यू-रेवर ‘मेट्रोपोलिस’ बघताना मध्येच चित्र खराब होतं. पडद्यावर पाऊस पडावा तशा उभ्या रेघा येतात, चौकट लहान होते आणि कडेला काळी पट्टी दिसू लागते. डिस्क बिघडली असं वाटेल, पण नेमकी हीच दृश्यं सगळ्यात मोलाची आहेत.

दिग्दर्शक फ्रिट्झ लांगचा हा जर्मन मूकपट १० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनमध्ये झळकला. वर चैनीत राहणारे मालक, जमिनीखाली यंत्रांना जुंपलेले मजूर, असं ते शहर. फिल्मची लांबी ४,१८९ मीटर होती, म्हणजे अडीच तासांचा खेळ. त्यावर पाण्यासारखा पैसा ओतलेली ऊफा ही जर्मन चित्रपट कंपनी डबघाईला आली होती. अमेरिकेत वितरण पॅरामाउंटकडे होतं आणि तिथे काटछाटीचं काम नाटककार चॅनिंग पोलॉककडे गेलं. त्यानं हेल नावाची बाईच कथेतून काढली, कारण इंग्रजीत ते नाव ऐकलं की नरक आठवतो. खरं तर संशोधक रोटवांग यंत्रमानव घडवतो तो याच मृत प्रेयसीसाठी. ती गेली आणि त्याच्या वेडामागचं दुःखही गेलं, उरला नुसता माथेफिरू. पुढे जर्मनीतही छोटीच आवृत्ती चालली.

अमेरिकेत १९५३ मध्ये स्वामित्वहक्क संपला, तेव्हापासून कुणीही प्रती काढू लागलं. व्हीएचएसच्या काळात लोकांनी घरी पाहिला तो बहुधा प्रतीच्या प्रतीवरून उतरवलेला, धुरकट ‘मेट्रोपोलिस’. १९८४ मध्ये संगीतकार जॉर्जिओ मोरोडरनं रंग चढवून, पॉप गाणी घालून नवी आवृत्ती काढली. ती दीड तासाचीही नव्हती, पण तिनं नवा प्रेक्षक मिळवून दिला, हे मान्य करायलाच हवं.

मूळ चित्रपट पुन्हा जुळवण्याची खरी चिकाटी म्युनिकच्या चित्रपट संग्रहालयातल्या एन्नो पटालासची. सेन्सॉरच्या कागदांत मूळ पाट्यांचा, म्हणजे दृश्यांमध्ये पडद्यावर येणाऱ्या लेखी ओळींचा मजकूर होता. चित्रपटाचा संगीतकार गॉटफ्रीड हुपर्ट्झच्या स्वरलिपीत कुठल्या सुरावर कोणतं दृश्य, अशा हजारावर खुणा होत्या. त्यांच्या आधारे त्यानं दृश्यांचा क्रम जुळवला. याच पायावर मार्टिन कोएर्बरनं २००१ ची आवृत्ती उभी केली आणि ती डीव्हीडीवर आली. हरवलेल्या दृश्यांच्या जागी त्यात पाट्या होत्या.

आणि २००८ मध्ये ब्युनॉस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात डबे उघडले. १९२८ मध्ये एका वितरकानं अर्जेंटिनात पूर्ण प्रत नेली होती. तिच्यावरून उतरवलेली १६ मिमीची, म्हणजे मूळ फिल्मपेक्षा अरुंद, निगेटिव्ह तिथे होती. ‘मेट्रोपोलिस’ दाखवताना प्रोजेक्टरवर दोन तासांहून जास्त वेळ बोट दाबून धरावं लागलं होतं, ही एका फिल्म क्लबवाल्याची आठवण इतिहासकार फर्नांडो पेन्यानं ऐकली होती. ठाऊक असलेली प्रत इतका वेळ चालतच नाही, हे त्याच्या लक्षात आलं. अखेर संग्रहालयाच्या संचालक पाउला फेलिक्स-दिदिए यांच्यासोबत त्यानं ती फिल्म तपासली.

सुमारे २५ मिनिटं परत मिळाली. मूळ प्रतीवरचे ओरखडे निगेटिव्हमध्येच उतरले होते, ते पुरते पुसता येईनात. १६ मिमीत चौकटीची कड कापली गेली होती, ती जागा काळी ठेवली. १२ फेब्रुवारी २०१० रोजी बर्लिनमध्ये हा चित्रपट दाखवला गेला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत ब्ल्यू-रे आली.

हेल परत आली. तिच्या पुतळ्यासमोर रोटवांग आणि शहराचा मालक उभे राहतात ते दृश्यही आलं. त्या दोघांची झटापट मात्र सापडलेली नाही. तिथे आजही पाटीच येते.