जिवंत अवयवदात्याला मोबदला

जिवंतपणी मूत्रपिंड किंवा यकृताचा भाग देणाऱ्या माणसाला त्याबद्दल पैसे द्यावेत की नाही, याविषयीचा वैद्यकीय, कायदेशीर आणि नैतिक वाद. भारतात अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ साली झाला आणि तो आधी लागू झालेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. २०११च्या दुरुस्तीने शिक्षा वाढली: ५ ते १० वर्षे कैद आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड.

नागपुरात हा वाद मुख्यतः किडनीचा आहे. विदर्भातले, तसेच छिंदवाडा-बालाघाटकडचे रुग्ण उपचारासाठी याच शहरात येतात. मेंदूमृत दात्यांच्या अवयवांचे वाटप येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रामार्फत होते, पण असे अवयव गरजेच्या मानाने फार थोडे. मग घरातले कोणी पुढे येते, बहुतेकदा आई किंवा बायको. जवळच्या नात्याबाहेरचा दाता असेल तर प्राधिकार समितीची परवानगी लागते. व्यवहारात पैसा नाही ना, हे समितीने तपासायचे असते.

मोबदल्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा बिनतोड वाटतो. प्रत्यारोपणात सर्जन, रुग्णालय, औषध कंपनी या सगळ्यांना पैसे मिळतात, मग दात्यानेच रिकाम्या हाताने का परतावे? बंदीमुळे व्यवहार थांबत नाहीत, दलालांच्या हाती जातात, असेही ते सांगतात. इराणने १९८८पासून सरकारी नियमांखाली दात्याला पैसे देण्याची पद्धत ठेवली आहे.

विरोधकांचा आधार चेन्नईचा आहे. किडनी विकलेल्या ३०५ जणांची पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ९६ टक्के लोकांनी कर्ज फेडण्यासाठी किडनी विकली होती. कर्जापायी विकणाऱ्यांपैकी ७४ टक्के लोक पाहणीच्या वेळीही कर्जातच होते. कुटुंबाचे उत्पन्न सरासरी एक तृतीयांशाने घटले होते आणि ८६ टक्के लोकांनी प्रकृती ढासळल्याचे सांगितले. विदर्भाला हे परके नाही. २०१५च्या अखेरीस अकोल्यात उघडकीस आलेल्या प्रकरणात सावकाराच्या कर्जापोटी किडनी द्यावी लागल्याची तक्रार होती आणि काहींना त्यासाठी श्रीलंकेत नेल्याचे तपासात पुढे आले. जिथे सावकार दारात बसलेला असतो, तिथे किडनीला सरकारी भाव ठरला तर ती तारण म्हणूनच मोजली जाईल. विरोधकांचा हा आक्षेप नागपुरात बसून खोडता येत नाही.

मात्र विक्रीला विरोध करण्याच्या भरात भरपाईचा प्रश्न मागे पडला आहे, आणि तो जास्त निकडीचा आहे. कायद्याच्या व्याख्येतच ‘मोबदल्या’तून दोन गोष्टी वगळल्या आहेत: अवयव काढणे, नेणे, जतन करणे यांचा खर्च, आणि दान केल्यामुळे दात्याचा झालेला खर्च किंवा बुडालेली कमाई. म्हणजे भावाने किडनी दिली आणि त्याची बुडालेली मजुरी भरून दिली, तर ती विक्री ठरत नाही. पण ती कोणी द्यायची, किती, कशी मोजायची, हे ठरलेले नसल्याने ही तरतूद गरिबाच्या कामी येत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाचा खर्च मिळतो, पण तो उपचाराचा. केंद्र सरकारने २०२३ साली आपल्या कर्मचाऱ्यांना अवयवदानासाठी ४२ दिवसांपर्यंतची विशेष रजा दिली. नागपूरच्या कळमना बाजारात पोती उचलणाऱ्या हमालाने बहिणीला किडनी दिली, तर शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवडे त्यालाही जड उचलता येत नाही, आणि त्याचे ते दिवस बिनपगारीच जातात. एकाच दानाची ही दोन मापे अन्यायाची आहेत.

इस्रायलने २००८च्या कायद्यानुसार जिवंत दात्याला ४० दिवसांच्या बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई सरकारकडून देण्याची सोय केली. अवयवविक्री तेथेही गुन्हाच आहे.