नर्सिंग संशोधनातला लोकसहभाग

पेशंट, त्यांच्या घरचे आणि वस्तीतले लोक यांनी नुसतं 'सॅम्पल' म्हणून फॉर्म भरून न देता विषय कुठला घ्यायचा, काय विचारायचं आणि आलेल्या उत्तरांचा अर्थ काय लावायचा हे ठरवण्यातही बसणं, म्हणजे लोकसहभाग.

उगमाबद्दल एकमत नाही. काहीजण मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविनच्या १९४६ च्या कृतिसंशोधनावरच्या (प्रत्यक्ष बदल घडवत घडवतच केलेल्या संशोधनावरच्या) लेखापर्यंत मागे जातात, काहीजण लॅटिन अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी आणि समाजशास्त्रज्ञ ऑर्लांडो फाल्स बोर्दा यांच्याकडे बोट दाखवतात, पण दाखला सगळ्यात जास्त दिला जातो तो शेरी आर्नस्टाइनच्या १९६९ च्या, निर्णयात लोकांच्या हाती खरी सत्ता किती ते दाखवणाऱ्या आठ पायऱ्यांच्या शिडीचा. ती शिडी मुळात अमेरिकेतल्या शहर-सुधारणेच्या योजनांवरून निघाली, दवाखान्यात नंतर आली, आणि गंमत म्हणजे तिच्यात खालून दुसऱ्या पायरीचं नाव आहे 'थेरपी', म्हणजे सहभागाच्या नावाखाली लोकांनाच दुरुस्त करायला बसणं. नर्सिंगवाल्यांनी ही पायरी जरा जपून वाचावी. ब्रिटनमध्ये १९९६ ला यासाठी सरकारी सल्लागार गट नेमला गेला, त्याचंच पुढे 'इन्व्हॉल्व्ह' झालं. पण सोलापुरात बसून लिहिताना १९७० पासूनचं डॉक्टर आरोळे दांपत्याचं जामखेडचं काम जास्त जवळचं वाटतं, तिथं गावातल्या बायकाच आरोग्यसेविका झाल्या, फक्त त्याला संशोधन म्हणायचं की सेवा यावर वाद घालता येईल.

एमएस्सी नर्सिंगच्या प्रबंधात प्रश्नावली, म्हणजे 'टूल', आधी एक्स्पर्टकडून तपासून घेतात, मराठी भाषांतर भाषेच्या मास्तरांकडून, मग पायलट, म्हणजे थोड्या पेशंटांवर आधी करून बघणं. पेशंट दिसतो तो थेट पायलटला. सोलापूरच्या पूर्व भागात हे लगेच अंगाशी येतं, कारण विडी कामगार बाईच्या घरी तेलुगू बोलतात आणि 'दिवसाला किती तास काम करता' या प्रश्नाला तिच्याकडे सरळ उत्तरच नसतं, मजुरी हजार विड्यांवर मिळते, मांडीवर सूप घेऊन स्वयंपाकाच्या मधेमधे विड्या वळणं चालू असतं, तास मोजणार कोण? टूल बनवतानाच अशा दोघीतिघी सोबत असत्या तर प्रश्न हजारात विचारला गेला असता, पाठ कधी भरून येते हेही त्यांनीच सांगितलं असतं.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एथिक्स कमिटीत, म्हणजे संशोधनाचा प्रस्ताव तपासून मंजुरी देणाऱ्या समितीत, एक सामान्य माणूस लागतो, पण तो प्रस्ताव तयार झाल्यावर येतो, त्यामुळे त्याला यात धरू नये. विडी कामगार बायकांना मीटिंगला बोलावलं की त्यांच्या त्या दिवसाच्या विड्या कमी होतात, तेवढी भरपाई बजेटमध्ये आधीच धरावी लागते.