चुरापचा: बर्फावर वसलेला तालुका

रशियाच्या साखा प्रजासत्ताकाला, म्हणजेच याकुतियाला, आकारात भारताच्या जवळ जाणारी जमीन लाभली आहे, पण माणसे जेमतेम दहा लाख. त्याच्या ३४ ग्रामीण विभागांना उलुस म्हणतात. उलुस म्हणजे साधारण आपला तालुका, आणि त्याखाली गावांचा गट म्हणजे नसलेग. लेना आणि अमगा या नद्यांच्या मधल्या पठारावरचा चुरापचा उलुस १९३० साली स्थापन झाला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १२,६०० चौ. किमी, म्हणजे जळगाव जिल्ह्याहून थोडे जास्त. जळगावात २०११ साली ४२ लाख लोक होते. चुरापचात २०१०च्या जनगणनेत २०,३८७ होते. त्यांतले जवळजवळ सगळे साखा, म्हणजे याकूत.

हे वीस हजार लोक सगळीकडे सारखे विखुरलेले नाहीत. नकाशावर गावे जिथे जिथे दिसतात, तिथे जवळपास हमखास एक गोल किंवा लांबट गवताळ खोलगट भाग असतो. मध्ये तळे, भोवती कुरण, कडेला लार्च वृक्षांचे जंगल. याला अलास म्हणतात. वस्ती कुठे व्हावी हे इथे नदीपेक्षाही अलासने ठरवले आहे, आणि अलास तयार होतो तो जमिनीतले बर्फ वितळल्यामुळे.

या भागात जमीन काही शे मीटर खोलीपर्यंत कायम गोठलेली आहे. उन्हाळ्यात वरचा एक ते दोन मीटरचा थर तेवढा मोकळा होतो. त्याच्या खाली नुसती गोठलेली माती नसते, शुद्ध बर्फाच्या प्रचंड पाचरीही असतात. हिमयुगातल्या कडाक्याच्या हिवाळ्यांत जमिनीला भेगा पडत, वसंतात वितळलेले पाणी त्यांत उतरून गोठे. हजारो वर्षे हेच चालत राहिले आणि पाचरी कित्येक मीटर रुंद व वीस-पंचवीस मीटर खोल झाल्या. वरून पाहिले तर त्यांचे जाळे बहुकोनी दिसते. काही थरांत निम्म्याहून जास्त घनफळ बर्फाचेच असते. दहा मीटर जाडीच्या थरात पाच मीटर बर्फ धरले, तर ते वितळल्यावर जमीन सुमारे पाच मीटर खचणार, हा हिशेब अगदी सरळ आहे.

सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी हवामान उबदार झाले तेव्हा अनेक ठिकाणी हेच घडले. आधी पाचरींच्या वरची माती खाली बसली आणि मधल्या भागांचे उंचवटे उरले. साखा लोक या उंचवट्यांच्या मैदानाला बिलार म्हणतात. मग खड्डे एकमेकांना मिळून तळे झाले. तळ्याच्या तळाचे बर्फ संपेपर्यंत ते खोल होत गेले, नंतर बाष्पीभवनाने आटू लागले आणि काठाला गवत उगवले. इथे वर्षाला पाऊस-बर्फ मिळून साधारण २००–२५० मिमीच पडते, पण गोठलेला तळ पाणी खाली झिरपू देत नाही, म्हणून तळी टिकतात.

हे गवत म्हणजे चुरापचाची खरी संपत्ती. जानेवारीचे सरासरी तापमान उणे चाळीसच्या आसपास, त्यामुळे गुरे वर्षातले सात-आठ महिने गोठ्यात बांधूनच ठेवावी लागतात. एका गाईला हिवाळ्यासाठी सुमारे दोन टन सुके गवत लागते आणि ते जुलै-ऑगस्टच्या मोजक्या आठवड्यांत कापून वाळवावे लागते. याकूत घोडा मात्र बर्फ खुरांनी उकरून स्वतःच चरतो. पावसाने दगा दिला की तळी आटतात, कुरण करपते आणि जनावरे मरतात. १९३९ ते १९४२च्या दुष्काळात तेच झाले. त्यावर सरकारने उपाय काढला तो क्रूर होता: ऑगस्ट १९४२मध्ये इथल्या ४१ सामूहिक शेतांतल्या हजारो लोकांना मासेमारीसाठी कोब्याय, झिगान्स्क आणि बुलुन या उत्तरेकडच्या भागांत सक्तीने हलवण्यात आले. तयारी नसताना, हिवाळ्याच्या तोंडावर. उपासमार आणि थंडीने कित्येक मेले. या उलुसच्या लोकसंख्येबद्दल बोलताना ही घटना वगळणे मला अन्यायाचे वाटते.

पिण्याच्या पाण्याचीही रीत निराळी आहे. गोठलेल्या जमिनीत साधी विहीर चालत नाही. नोव्हेंबरच्या सुमारास तळ्यावरचा बर्फ वीस-तीस सेंटीमीटर जाड झाला की लाद्या कापतात आणि त्या वितळवून पाणी वापरतात. पातळ लाद्या वाहताना तुटतात, जाड उचलवत नाहीत. उन्हाळ्यासाठीचा बर्फ जमिनीतल्या तळघरात, बुलुसमध्ये, ठेवतात. आता लेनेचे पाणी नळमार्गाने उन्हाळ्यात इथल्या तळ्यांत सोडले जाते.

उलुसचे ठाणे असलेले चुरापचा गाव याकुत्स्कपासून रस्त्याने पावणेदोनशे किमीवर, कोलिमा महामार्गावर आहे. उलुसमधले जवळपास निम्मे लोक तिथेच राहतात. शाळा, दवाखाना, नोकऱ्या तिथे, म्हणून लहान गावांतून लोक तिकडे सरकतात. म्हणजे नवी घरे, रस्ते आणि पाण्याच्या वाहिन्या नेमक्या बर्फभरल्या जमिनीवर वाढत आहेत. झाडे तोडली किंवा वरचे शेवाळ-गवत नांगरले की सावली आणि पांघरूण जाते, ऊन खाली पोचते आणि पाचर वितळू लागते. गावाच्या जुन्या विमानतळाचे तेच झाले: धावपट्टीच्या जागी आता उंचवटे आणि पाणथळ खड्डे आहेत, आणि १९९०च्या दशकापासून ती वापरात नाही.

घरांना सर्वांत जास्त धोका घरातूनच होतो. तापवलेल्या घराची फरशी थेट मातीवर टेकली, किंवा सांडपाणी पायाशी मुरले, की एक कोपरा बसतो, दारे अडकतात, भिंत तडकते. म्हणून खांब गोठलेल्या थरात खोल रोवून घर वर उचलतात आणि खालून थंड वारा वाहू देतात. ती पोकळी सामान रचून किंवा फळ्या मारून बंद केली, तर फायदा संपला. हिवाळ्यात घराभोवतीचा बर्फ हटवणेही गरजेचे, कारण बर्फ हे पांघरूण आहे. तो साचला की थंडी जमिनीत उतरत नाही. अंगणातले खड्डे वेळीच मातीने भरायचे, पावसाचे पाणी चर खणून दूर न्यायचे, कुंपणाजवळची झाडे राखायची. नवा प्लॉट घेण्याआधी चार-पाच मीटर भोक पाडून बर्फ किती वर आहे ते पाहणे हा सर्वांत स्वस्त विमा आहे. दोन मीटरवरच बर्फाची पाचर लागली, तर तिथे बांधू नये.